गवत, जलपर्णी, झुडपं काढायचीत आणि पक्षी आलेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की आमच्याकडे एकाच धाटणीचे निरोप यायला लागतात. कुठल्या ग्रामपंचायतीला गायरानाच्या गवताचा लिलाव करायचा असतो, कुणाला तलावातली जलपर्णी काढायला पोकलेन मिळालेला असतो, कुठे वनरक्षकाला जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे केलेले पट्टे) पूर्ण करायच्या असतात. या सरकारी आणि सार्वजनिक जमिनींवरच्या कामांबद्दल आणि त्यांत सापडणाऱ्या पक्ष्यांबद्दल पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. जिथे दोन उत्तरं एकमेकांत गुंततात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्थलांतरित पक्षी आपल्याकडे अंडी घालतच नाहीत ना? मग गवत कापलं तर त्यांचं काय बिघडतं?

हिवाळ्यात येणाऱ्यांपुरतं हे खरं आहे. पट्टकादंब, तलवार बदक, थापट्या, भोरड्या (गुलाबी मैना), भोवत्या हे सगळे उत्तरेकडे, मध्य आशियात किंवा त्याही पलीकडे वीण करून इथे येतात. इथे त्यांची घरटी नसतात, पण मुक्काम सहा-सात महिन्यांचा असतो. या काळात त्यांना पोट भरायला आणि रात्र काढायला जागा लागते. ती गवतात, पाणकणसात, झुडपांच्या बुंध्याशी असते.

भोवत्याचंच बघा. दिवसभर माळावर नाकतोडे टिपत फिरणारा हा शिकारी पक्षी झाडावर झोपत नाही. सूर्य कलला की दहा-वीस, कधी त्याहून जास्त भोवत्ये एकाच गवताळ पट्ट्यावर जमतात, दोन-चार घिरट्या घालतात आणि अंधार पडता पडता एकेक करून गवतात उतरतात. गुडघाभर गवत हेच त्यांचं अंथरूण. तो पट्टा कापला गेला तर घरटं मोडल्याची तक्रार कुणी करणार नाही, कारण घरटं नव्हतंच. पण मुक्कामाची जागा गेलेली असते, आणि आसपास तसं गवत उरलेलं नसेल तर थवा तो परिसरच सोडतो.

२. हे पक्षी नेमके कधी येतात आणि कधी जातात? आम्हाला कामाचा महिना ठरवायचा आहे.

धोबी पक्षी आणि भोरड्या सगळ्यांच्या आधी, पावसाळा सरायच्या आतच दिसू लागतात. बदकं आणि भोवत्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्थिरावतात. परतीची हालचाल फेब्रुवारीअखेर सुरू होते आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक जण निघून जातात.

खरी अडचण फेब्रुवारी-मार्चची आहे. परतीच्या प्रवासाआधी पक्षी अंगात चरबी साठवतात, त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त खातात. नेमक्या त्याच आठवड्यांत आपल्याकडे मार्चअखेर असतो. वर्षभर पडून राहिलेला निधी संपवायचा, मोजमाप पुस्तक भरायचं, बिल काढायचं, म्हणून तलावात पोकलेन उतरतो. आम्हाला आलेल्या तक्रारी पाहिल्या तर ऐन हंगामात झालेली बरीचशी कामं अज्ञानापेक्षा या हिशेबापायी झालेली दिसतात. अंदाजपत्रक करतानाच काम एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये बसवलं तर हा पेच बराच सुटतो. पूर्ण सुटत नाही, त्याचं कारण प्र. ३ मध्ये.

३. पावसाळ्यात तर एकही पाहुणा पक्षी नसतो. मग जून ते सप्टेंबर आम्ही मोकळे ना?

नाही. पावसाळ्याचे पाहुणे वेगळे आहेत, आणि ते इथे वीण करायलाच येतात.

चातक आफ्रिकेकडून पावसाच्या तोंडावर येतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. म्हणजे काटेरी झुडपातलं सातभाईचं साधं घरटं तुम्ही मोडलंत तर त्यात चातकाचंही अंडं असू शकतं. नवरंग दक्षिण भारत आणि श्रीलंकेतून मे-जूनमध्ये कोकणात आणि सह्याद्रीत येतो. तिबोटी खंड्याही पहिल्या पावसाबरोबर कोकणातल्या ओढ्यांवर हजर होतो.

नवरंगचं घरटं एकदा नीट पाहून ठेवा. वाळक्या पानांचा, काटक्यांचा फुटबॉलएवढा गोळा, एका बाजूला भोक, जमिनीवर किंवा झुडपाच्या बेचक्यात. पुरात वाहून आलेला पालापाचोळा अडकलाय असंच वाटतं, आणि साफसफाई करणारा माणूस नेमका तोच आधी ओढतो. तिबोटी खंड्या तर घरटं बांधतच नाही. ओढ्याच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या मातीच्या उभ्या कापात बीळ कोरतो. कोकणातल्या रस्त्यांवर पावसाळ्यात गटार साफ करताना जेसीबीने दरड 'तासून' घेतात, तेव्हा ही बिळं आतल्या पिल्लांसकट बुजतात. दरडीवरची झुडपं कापा, पण जून ते सप्टेंबर मातीच्या भिंतीला बकेट लावू नका.

४. कायदा काय सांगतो? घरटं हलवलं तरी गुन्हा?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेसुद्धा त्या व्याख्येत येतं. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचींची (संरक्षणाच्या दर्जानुसार केलेल्या याद्यांची) फेररचना झाली आणि पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेले बहुतेक पक्षी दुसऱ्या अनुसूचीत आले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं. इतर बऱ्याच बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यात पक्षी स्थानिक की स्थलांतरित असा भेद नाही. "साहेब, तो परदेशी पक्षी होता," असं एकाने आम्हाला मनापासून सांगितलं होतं. त्याने काही फरक पडत नाही.

मुक्कामाच्या जागेबद्दल मात्र कायदा अभयारण्याबाहेर फारसं बोलत नाही. प्र. १ मधल्या भोवत्यांच्या पट्ट्याला गायरानात थेट संरक्षण नाही. तिथे तुमच्या समजुतीवरच भिस्त आहे.

५. परवानगी कुणाची घ्यायची?

जागेवर अवलंबून. अभयारण्यात (नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, नान्नज वगैरे) वनस्पती काढणं म्हणजे अधिवासात हस्तक्षेप. तो वन्यजीवांच्या हितासाठीच आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीनेच करता येतो. जलपर्णी काढणं हे पुण्याचं काम असलं तरी स्वयंसेवकांनी परस्पर तिथे उतरायचं नाही. शहरात झाड तोडायला किंवा छाटायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाखाली वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. कांदळवनाला हात लावायचाच नाही, त्यावर उच्च न्यायालयाचे स्पष्ट आदेश आहेत. गावच्या तलाव-गायरानासाठी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विचारा. ती कागदावर असतेच, विचारलं की जागी होते.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा: झाड तोडायची परवानगी हातात असली म्हणजे त्यावरचं घरटं मोडायची परवानगी मिळाली असं होत नाही. २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी एक झाड पाडलं, त्यावरच्या घरट्यांतली पिल्लं रस्त्यावर आपटून मेली, आणि वन विभागाने गुन्हा नोंदवला. रस्ता मंजूर होता, तरीही.

६. गायरानाचं गवत कापलं नाही तर जनावरांनी खायचं काय? लिलाव दरवर्षी होतो.

कापू नका असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही. माळ कापला, चरला गेला नाही तर काही वर्षांत त्यात झुडपं माजतात, आणि भोवत्याला झुडुपवाला माळ नको असतो. पवन्या, मारवेल, डोंगरीची ही कुरणं माणूस आणि गुरांच्या वावराबरोबरच टिकली आहेत.

प्रश्न पद्धतीचा आहे. विळ्याने कापणी होत होती तेव्हा माणसं ओळीने पुढे सरकायची, पक्ष्याला उठायला वेळ मिळायचा. आता पाठीवरचं किंवा ट्रॅक्टरला जोडलेलं कापणी यंत्र कडेकडेने गोल फिरत आत येतं. पक्षी मधल्या मधल्या गवतात सरकत राहतात आणि शेवटच्या तुकड्यात कोंडले जातात. म्हणून मधून सुरुवात करून बाहेर या, किंवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जा. यंत्राच्या पुढे दोघांनी लांब दोर धरून गवतावरून ओढत चालावं, दडून बसलेला पक्षी उठतो. पातं जमिनीला घासून नको, वीतभर गवत राहू द्या. एकूण कुरणाचा निदान एक तृतीयांश भाग त्या वर्षी उभा ठेवा आणि पुढच्या वर्षी तो कापून दुसरा सोडा. लिलावाच्या अटींत हे लिहिलं तर बोली थोडी कमी येते. आमच्या माहितीतल्या गावांत ती कमी फारच किरकोळ निघाली.

कोणता भाग सोडायचा हे ठरवायला लिलावाआधी दोन संध्याकाळी माळावर उभं राहा. सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून पूर्ण अंधार पडेपर्यंत. सकाळी त्याच जागी दबलेलं गवत, पांढरी विष्ठा आणि पक्ष्यांनी ओकलेल्या, नाकतोड्यांच्या पायांनी भरलेल्या छोट्या गोळ्या सापडल्या तर तिथेच खुंट्या ठोका. त्या गवतात दिवसा आखूड कानाचं घुबडही बसलेलं असू शकतं. तेही हिवाळी पाहुणंच, आणि जमिनीवरच झोपतं.

७. जाळरेषा १५ फेब्रुवारीच्या आत पूर्ण कराव्याच लागतात. तेव्हा पक्षी असतात. मग?

जाळरेषा हव्यातच. एक मोठा वणवा माळावरचं सगळंच नेतो, मुक्कामाच्या जागेसकट. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याआधी रेषा मोकळ्या हव्यात यात वाद नाही.

आमचं म्हणणं एवढंच की रेषेची आखणी दरवर्षी जुन्या नकाशावरून डोळे झाकून करू नका. भोवत्यांचा पट्टा ठाऊक असेल (ओळखायची रीत प्र. ६ मध्ये) तर रेषा त्याच्या मधून न नेता त्याला वळसा घालून न्या. म्हणजे तीच रेषा त्या पट्ट्याचं आगीपासून रक्षणही करेल. संध्याकाळी जाळू नका, कारण तीच त्यांची उतरायची वेळ. जिथे पाला झाडून किंवा ब्लोअरने हटवून भागतं तिथे काडी लावायची गरजच नाही.

८. तलाव जलपर्णीने भरलाय. पक्षी गेल्यावर काढू म्हटलं तर तोवर आणखी पसरेल. काय करावं?

जलपर्णी पोसणारं सांडपाणी तलावात येत असेल तर तुम्ही कधीही काढा, ती परत येणार. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. त्यामुळे 'एकदाच धडाक्यात' ही मोहीम फोटोंपुरती असते.

हिवाळ्यात काढावीच लागली तर एका वेळी तलावाचा एक कोपरा घ्या. बदकं दुसरीकडे सरकतात, परत येतात. पूर्ण तलावावर एकाच दिवशी चार यंत्रं उतरवली तर थवा उठतो तो उठतोच. सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास यंत्र बंद ठेवा.

मे महिना सोयीचा, पण तेव्हाही डोळे उघडे हवेत. पाणी आटून उघडी पडलेली बेटं असतात, त्यांवर सुरय आणि आर्ली जमिनीवरच अंडी घालतात. बेटावर उतरू नका, त्यावरून यंत्रही नेऊ नका. जुलैनंतर कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, तेव्हा तर हात लावूच नये.

आणि टिबुकली. ही चूक माझी स्वतःची आहे म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तलावावर आम्ही हाताने जलपर्णी ओढत होतो. पाण्यात कुजक्या शेवाळाचा, काळपट, ओला ढीग तरंगत होता, तो मीच उचलून काठावर फेकला. ढीग फुटला आणि आतून चार अंडी घरंगळली, त्यातली दोन फुटली. टिबुकली घरट्यावरून उठताना अंड्यांवर ओल्या वनस्पती ओढून ठेवते, त्यामुळे घरटं कचऱ्यासारखं दिसतं. तेव्हापासून तरंगता ढीग हलवण्याआधी आम्ही अर्धा तास काठावर बसून बघतो की तिथे कोण परत येतंय.

९. मग पाणकणीस आणि बेशरम पण काढून काठ एकदम स्वच्छ करावा का? दगडी पिचिंग पण मंजूर आहे.

बेशरम काढा, मुळासकट, बिनधास्त. फक्त आत बगळ्यांची घरटी नाहीत ना ते बघून.

पाणकणसाचं तसं नाही. ते आपलंच आहे आणि त्यात वटवट्ये, शंकर, पाणकोंबड्या राहतात. भोरड्यांचे मोठमोठे थवे रात्री त्यातच उतरतात. पूर्ण तलाव व्यापला असेल तर पाण्याकडे जाणाऱ्या वाटा पाडाव्यात तसे पट्टे काढा, निम्मं उभं राहू द्या. पिचिंगबद्दल, म्हणजे काठावर दगड बसवण्याबद्दल, विचारलंत म्हणून सांगतो: चिखलाचा उतरता काठ गेला की तुतारी, चिखल्या, धोबी यांना उभं राहायला जागा उरत नाही. त्यांची चोच चिखलासाठी घडलेली आहे, दगडात ती चालत नाही.

१०. वेडी बाभूळ आणि घाणेरी परदेशी आहेत. ती सरसकट उपटली तर चांगलंच ना?

शेवटी चांगलंच. पण हिवाळ्यात येणारे छोटे वटवट्ये घाणेरीच्या जाळीत लपतात, आणि आजूबाजूला दुसरं झुडूप उरलेलंच नसेल तर एका झटक्यात काढल्याने त्यांचा निवारा जातो. तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने काढा. काढलेल्या जागी बोर, करवंद, तरवड असलं स्थानिक काही उभं राहतंय हे बघूनच पुढचा टप्पा घ्या. अपवाद खुल्या माळाचा: तिथे वेडी बाभूळ जितक्या लवकर जाईल तितकं बरं, आणि तिच्या जागी काही लावायचंही नाही.

११. "काही लावायचं नाही" म्हणजे? माळावर झाडं लावली तर पक्ष्यांना फायदाच होईल.

झाडावर राहणाऱ्या पक्ष्यांना होईल. माळढोक, धाविक, चंडोल, भोवत्या यांना तोटा होईल. माळ म्हणजे उजाड पडलेलं जंगल नव्हे. सोलापूरकडच्या माळांवर पूर्वी उंदीरमारीची (ग्लिरिसिडियाची) लागवड झाली, झाडं वाढली आणि गवताळ पक्ष्यांची जागा आक्रसली. वृक्षारोपणाचं उद्दिष्ट पूर्ण करायला 'रिकामी' जमीन म्हणून गायरान दाखवलं जातं, यावर आम्ही दर जुलैत भांडतो आणि बहुतेक वेळा हरतो.

१२. काम चालू असताना घरटं सापडलं. मशीनचं भाडं तासाला चढतंय. काय करायचं?

त्या जागेवरचं काम थांबवा, बाकीच्या भागात चालू ठेवा. घरट्याभोवती लहान पक्ष्यासाठी दहा-पंधरा पावलं, बगळ्यांच्या किंवा करकोच्यांच्या वसाहतीसाठी त्याच्या कित्येक पट जागा सोडा. जवळ लाल फडकं बांधू नका, कावळे आणि टवाळखोर दोघांनाही पत्ता मिळतो. लांबच्या झाडाला खूण करा. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा आणि फोटो घाईत, लांबून, एकदाच काढा.

घरटं उचलून शेजारच्या झाडावर ठेवू का, असं हमखास विचारतात. ठेवू नका. बहुतेक पक्षी हलवलेल्या घरट्यावर परतत नाहीत, आणि प्र. ४ प्रमाणे तो गुन्हाही आहे. लहान पक्ष्यांची पिल्लं साधारण तीन-चार आठवड्यांत उडून जातात. तेवढा तुकडा शेवटी घ्या.

भाड्याचा मुद्दा खरा आहे. म्हणून निविदेतच लिहा: घरटं आढळल्यास तेवढा भाग वगळून काम करावं, त्यासाठी मुदतवाढ दंडाशिवाय मिळेल. ही एक ओळ नसली की ठेकेदार घरटं 'पाहत'च नाही.

१३. फांदी विजेच्या तारेला टेकलीय आणि वर बगळ्यांची घरटी आहेत. वाट बघायची का?

जिवाला धोका असेल तर नाही. पण धोका तेवढ्या एका फांदीचा असतो, अख्ख्या झाडाचा नव्हे. वीजप्रवाह बंद करवून, वन विभागाचा माणूस आणि पक्षी बचाव करणारे हजर ठेवून तेवढीच फांदी उतरवा. आपल्याकडे होतं असं की एका फांदीच्या निमित्ताने झाडाचा खराटा होतो. नियमित छाटणी करायचीच असेल तर बगळ्यांच्या झाडांची फेब्रुवारीपर्यंत आटपा. दरवर्षी तीच झाडं वापरली जातात, त्यामुळे यादी करणं अवघड नाही.

१४. तणनाशक मारलं तर घरटी मोडायचा प्रश्नच येत नाही ना?

घरटं मोडत नाही, पण खायचे किडे आणि लपायचा पाला दोन्ही जातं. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्राने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने निर्बंध घातले, परवानाधारक कीडनियंत्रकांखेरीज इतरांनी ते वापरू नये असं त्यात म्हटलं आहे. तलावाच्या काठावर तर नाहीच.

१५. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठी वेगळा कायदा आहे म्हणे. आपल्याकडे का नाही?

तिथला कायदा १९१८ चा, शेजारी देशाशी झालेल्या करारातून आलेला. तिथे अनेक पक्षी उन्हाळ्यात येऊन घरटी करतात, म्हणून सरकारी जमिनीवरची छाटणी घरट्यांचा हंगाम टाळून ठेवण्यावर भर असतो. मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका ताईंनी तिथलं वेळापत्रक आम्हाला धाडून "हेच इकडे लावा" असं सुचवलं होतं. ते जसंच्या तसं लावलं तर आपला अख्खा हिवाळा, म्हणजे पाहुण्यांचा मुख्य काळ, कामाला मोकळा ठरेल! आपल्याकडे १९७२ चा कायदा सगळ्याच पक्ष्यांना धरतो. शिवाय स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३ पासून आहे.

१६. भोरड्या आमच्या बसस्थानकाच्या झाडांवर रात्री हजारोंनी उतरतात. खाली विष्ठेचा सडा. फांद्या छाटल्या तर चालेल?

घरटी नाहीत, तेव्हा प्र. ४ चा घरट्याचा मुद्दा इथे लागू होत नाही. छाटणीची परवानगी (प्र. ५) मात्र लागेलच. पण छाटून हाती काय लागतं? थवा शेजारच्या रांगेतल्या झाडांवर जातो, बहुधा दवाखान्याच्या नाहीतर शाळेच्या. एका तालुक्याच्या गावी दोन वर्षांत तीन ठिकाणी छाटणी झाली आणि भोरड्या गावाला प्रदक्षिणा घालून परत बसस्थानकावर आल्या. रिक्षाथांबा आणि बाकडी तेवढी झाडांखालून हलवा, सकाळी पाण्याचा टँकर फिरवा. एप्रिल लागला की त्या आपणहून निघतात.